गेट नंबर दोन

महाड
रविवार, २८ मार्च २००४

प्रिय धम्मपाल,

पत्राला 'प्रिय' लागतो म्हणून लिहिला आहे, आज त्याचा फार अर्थ लावू नकोस. मी तुझ्यावर रागावलो आहे आणि सतरा तारखेच्या मीटिंगपासून तो राग कणभरही उतरलेला नाही. फोन केला तर तू हसतोस, आणि तू हसलास की माझं बोलणं फुकट जातं. शिवाय कागदावर मला कुणी मध्येच तोडू शकत नाही. सतरा तारखेला तू मला चारचौघांत तोडलंस, तेव्हा आता माझी पाळी. सरोज स्वयंपाकघरातून विचारते आहे, एवढं दाबून काय लिहिताय, टेबलाला भोकं पडतील. पडू देत.

सगळं क्रमानं लिहिणार आहे. त्यातलं बरंचसं तुला माहीत आहे, पण मला क्रम सोडून रागावता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात आपल्या कंपनीनं हे नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं आणि ते बसवायला पुण्याहून वैदेही आली. वयानं माझ्या पुतणीएवढी. महाडची खरेदी माझ्याकडे, म्हणून तिच्यासोबत बसून आराखडा मीच करायचा असं ठरलं. मला वाटलं, ही आता आपल्याला कॉम्प्युटर कसा चालू करायचा ते शिकवणार. तर ती म्हणाली, "काका, माल नंतर भरू. आधी तुमच्या कंपनीचा आकार सांगा. काय कशाच्या खाली, कोण कुणाच्या खाली." मी म्हटलं, हे अर्ध्या दिवसाचं काम. व्हॉल्व्ह बनवणारा एक कारखाना, त्याला आकार तो काय असणार? मग तिनं चलनांचा गठ्ठा चाळला आणि विचारलं, "हे गेट नंबर दोन कुठे आहे? रोज एवढा माल तिकडे जातो, मला जरा दाखवा ना." ड्रायव्हर भिकू तिथंच उभा होता. म्हणाला, "चला बाय, पान्याची बाटली घ्या संगती." नांगलवाडीचा फाटा मागे पडला, हायवेला लागलो, तरी ती बिचारी खिडकीतून आपलं कंपाउंड शोधते आहे. शेवटी म्हणाली, "काका, केवढी जागा आहे हो तुमची?" पोलादपूरला तुझ्या शेडसमोर गाडी थांबली आणि भिकूनं हात करून दाखवलं, "ह्ये गेट नंबर दोन." त्या दिवशी तूही हसलास, मीही हसलो, ती मात्र हसली नाही. तिनं वही काढली.

हसण्यासारखं त्यात काय होतं? थोरल्या साहेबांनी दुरुस्तीसाठी ती शेड भाड्यानं घेतली तेव्हा वेगळे परवाने काढायचा कंटाळा केला आणि कागदावर ठोकून दिलं, गेट नंबर दोन. म्हणाले, "चार महिन्यांचा तर प्रश्न आहे." थोरले साहेब गेले, त्यांचा मुलगा डायरेक्टर झाला, गेट तिथंच राहिलं. शेडची नोंद गेट म्हणून, म्हणून मस्टरवर तू गेट सुपरवायझर. खेडपासून रोह्यापर्यंतच्या कारखान्यांचे गळके व्हॉल्व्ह तुझ्याकडे येतात, तुझी माणसं ते उघडतात, घासतात, पुन्हा बसवतात, कुणाला रजा द्यायची न् कुणाला रविवारी बोलवायचं ते तू ठरवतोस, आणि कागदावर तू दार उघडतोस आणि लावतोस. तुझ्या पोरीच्या कॉलेजातल्या क्लार्कनं अर्ज वाचून तुला विचारलं ना, "गेट सुपरवायझर म्हणजे वॉचमन का?" ते तू मला नक्कल करून सांगितलंस. टाळीसाठी हातही पुढे केलास. मी टाळी दिली नव्हती, आठवतं?

तर वैदेहीनं मला समजावलं. या सॉफ्टवेअरमध्ये वर कंपनी, तिच्याखाली प्लांट, प्लांटखाली गोदाम. गेट नावाची चीज त्यात नाहीच. पोलादपूरला यातलं काहीतरी एक व्हावं लागणार. "प्लांट केलं तर त्याला स्वतःचा प्रमुख येतो," ती म्हणाली, "स्वतःची खरेदी, स्वतःचा साठा, प्रमुखाची सही. गोदाम केलं तर तो महाडचा एक कोपरा. कोपऱ्याला प्रमुख नसतो, काका." आणखी एक गोष्ट तिनं सांगितली ती मला फार आवडली. त्यात माणूस आधी येत नाही. आधी खुर्ची मांडायची, तिच्यावर कोण बसतं ते नंतर लिहायचं. खुर्ची रिकामीसुद्धा राहू शकते, पण मांडलेली नसेल तर माणसाला बसता येत नाही. मी त्याच क्षणी ठरवलं. तुला उभ्यानं काम करताना मी फार वर्षं पाहिलं आहे.

तिनं मला इंग्रजी मार्गदर्शिका दिली, उशीएवढी जाड. मी अकरावीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही हे तुला माहीत आहे. इंग्रजी शिकलो ते व्हॉल्व्हच्या कॅटलॉगांवरून, मांडीवर शब्दकोश घेऊन. ती मार्गदर्शिका मी अथपासून इतिपर्यंत वाचली. वैदेहीच्या आराखड्यात दोन चुका काढल्या. तिनं माझ्यात पाच काढल्या, तेही सांगतो, पण त्या दोन माझ्या होत्या. मग हिवाळाभर भांडलो. डायरेक्टरसाहेब म्हणायचे, "श्रीधरराव, तक्त्यात चौकटी जेवढ्या कमी तेवढं बरं, सुटसुटीत." मी म्हणायचो, "साहेब, सुटसुटीत पाहिजे तर कारखानाच बंद करू." एकदा तर त्यांनी मला खोलीबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी मी तोच तक्ता घेऊन पुन्हा आत गेलो. फेब्रुवारीत त्यांनी मान डोलावली. पोलादपूर वेगळा प्लांट, त्याचा प्रमुख धम्मपाल, तुझ्यावर थेट डायरेक्टर. महाडच्या कुणाही मॅनेजरच्या खाली तू नाहीस. माझ्या तर नाहीसच.

आणि मग सतरा तारीख. भिंतीवर तक्ता लावलेला, सगळे खातेप्रमुख बसलेले, तुला नुसतं होकार द्यायला बोलावलेलं. तू इस्त्रीचा शर्ट घालून आला होतास. मला वाटलं, आजच्या दिवसाचा मान म्हणून. तू उठलास आणि म्हणालास, "साहेब, माझं येक म्हननं हाय. पोलादपूर वेगळं नको. म्हाडच्याच खाली ऱ्हाऊ द्या. श्रीधररावांच्या हाताखाली आपलं बरं चाललंय." मी "अहो, पण" एवढंच म्हणालो, तर हात वर करून, "तुमी थांबा वो, श्रीधरराव." श्रीधरराव! आपण एका महिन्यात कंपनीला लागलो, एका डब्यात जेवलो, तू मला सगळ्या नावांनी हाक मारलीस, त्यातली काही निशावहिनींसमोर मारता येण्यासारखी नव्हती, पण 'राव' कधी लावलं नव्हतंस. डायरेक्टरसाहेबांचा चेहरा उजळला. एक चौकट वाचली. वैदेहीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिनं माउसनं तुझी चौकट उचलून माझ्या चौकटीखाली आणून सोडली. काही आवाज झाला नाही. मला उगाच वाटलं होतं, व्हायला पाहिजे.

बाहेर तू बटाटावडा खात उभा होतास. "चल, चहा घे. एरंडेल प्यायल्यावानी थोबाड नको करू." मी चहा न घेता गेलो. घरी येऊन सरोजला म्हणालो, भित्रा आहे. जबाबदारी आली की शेपूट घालतो. आणखीही दोन-तीन शब्द वापरले, ते लिहीत नाही. सरोज म्हणाली, "भित्रा? धम्मपाल भावजी? तुम्ही दुसऱ्या कुणाबद्दल बोलताय."

त्यानंतरच्या सोमवारी मी वैदेहीकडे गेलो की हे पुन्हा उघडायचं. ती चकित झाली. "काका, तुम्हाला खरंच माहीत नाही? ते आधी मला येऊन भेटले होते. पोलादपूर वेगळं झालं तर श्रीधररावांचं काय होतं, एवढंच विचारत होते." आणि तिनं तुला खरं ते सांगितलं होतं. महाडची मोठी खरेदी आता कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून होणार. पोलादपूर वेगळं झालं की त्याची बारीकसारीक खरेदी पोलादपूरच करणार. मग मधल्या श्रीधररावांच्या खुर्चीला काम उरत नाही, ती तक्त्यातून जाते. महाडला स्टोअरची एक खुर्ची राहते, पण तिला पदवी लागते. पोलादपूर महाडच्या पोटात राहिलं, तर मात्र त्याच्या खरेदीसाठी इथं माणूस लागतो, आणि मी टिकतो. हे ऐकून तू तिला म्हणालास, "मंग गोदामच करा, बाय." म्हणजे तू माझी नोकरी वाचवलीस. टाळ्या वाजवू?

अरे, तो तक्ता मी आखला आहे! एकेक रेघ माझी आहे. पेन्सिलनं आखला, खोडला, पुन्हा आखला. माझी स्वतःची चौकट कुठल्या रेघेनं पुसली जाते ते मला दिसलं नसेल असं तुला वाटलं? दिवाळीच्या आधीच दिसलं होतं. खोलीबाहेर काढला गेलो तेव्हाही माहीत होतं, परत आत गेलो तेव्हाही माहीत होतं. सरोजलासुद्धा बोललो नव्हतो. पुढे काय करायचं ते ठरवलं नव्हतं, पण तो तक्ता बरोबर होता, आणि बरोबर तक्त्यात मी नव्हतो, एवढं साधं होतं ते. आयुष्यात एक गोष्ट मी कुणाच्या सांगण्यावरून नाही, पूर्ण समजून उमजून, नेटकी केली होती. ती तू दोन वाक्यांत मोडलीस. आणि वर समजूत अशी की श्रीधरला बिचाऱ्याला कळलंच नाही.

सरोजला हे सांगितलं तर ती पोळी लाटता लाटता थांबली. म्हणाली, "म्हणजे तुम्ही दोघं हिवाळाभर एकमेकांसाठी आपापल्या खुर्च्या मोडत होतात, आणि रोज फोनवर सचिन कसा खेळला ते बोलत होतात?" मग कळलं की निशावहिनींनाही सगळं ठाऊक होतं. बाजारात भेटल्या तेव्हा सरोजला म्हणाल्या, "सांगून दमले गो बाय मी. ऐकत नायत. म्हनतात, माझी खुर्ची गेली तरी माझी शेड हाय. त्याची गेली तर तो जानार कुठं?" धम्मपाल, मीटिंगमधलं सगळं मी एक वेळ गिळलं असतं. हे वाक्य गिळता येत नाही. तो जाणार कुठं! मी काय रस्त्यात हरवलेलं पोर आहे? शेजाऱ्याच्या ओट्यावर बसवून ठेवायचं?

त्या रात्री तुला फोन केला तर तू काय म्हणालास? "तू मला न इचारता वर बसवायला निघालास, मी तुला न इचारता खाली उतरलो. फिटंफाट." आणि हसलास. मी फोन आपटला. हो, मी विचारलं नव्हतं. ते चुकलंच. पण दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, आणि त्या का सारख्या नाहीत हे तुझ्या तोंडावर मला बोलता आलं नसतं.

वीस तारखेला मी चवदार तळ्यावर आलो नाही असं तू समजतोस. आलो होतो. दरवर्षीसारखा तू कोपऱ्यावर लांबून आलेल्या लोकांना पाणी देत उभा होतास. एक म्हातारी, कुठून विदर्भातून आली असेल, तुझ्या हातून पाणी प्याली आणि तिनं तुझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. मी पलीकडच्या दुकानाच्या पायरीवर होतो. माझ्या खिशात तो तक्ता होता, सतरा तारखेचा, घडी घातलेला. वरच्या चौकटीत माझं नाव, खालच्या चौकटीत तुझं. माझ्यानं पुढे येववलं नाही. तुला तळ्याची गोष्ट मी सांगावी एवढा मी उद्धट नाही. माझे आजोबा याच गावात दुकान चालवत होते, आणि सत्तावीस सालच्या त्या दिवशी ते कुठं उभे होते हे आमच्या घरात कधी कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तू म्हणशील, चौकटीनं माणूस खाली जातो काय रे? तुझ्यापुरतं खरं असेल. तुला कुणी कुठेही बसवलं तरी तुझं काही कमी होत नाही. पण त्या तक्त्याच्या वरच्या चौकटीत माझं नाव आहे. माझं काय होतं? महाडात, माझ्या नावाखाली, तू आपल्या हातानं तुझं नाव लावून घेतलंस, तेही माझ्यावर दया म्हणून. तो कागद मी भिंतीवर पाहू? रोज? डबा खाताना?

म्हणून परवा शुक्रवारी मी डायरेक्टरसाहेबांकडे गेलो. आराखड्यावर माझी सही झाल्याशिवाय वैदेहीला तो कायम करता येत नाही. मी म्हटलं, पोलादपूर गोदाम म्हणून असेल तर मी सही करणार नाही. साहेब म्हणाले, "पण त्यांनीच तर सांगितलं." मी म्हटलं, "त्यांनी माझ्याकरता सांगितलं, कारखान्याकरता नाही." वैदेहीही बोलली, मी न सांगता. तिकडचा माल महाडच्या साठ्यात दाखवला तर मोजायला येणारा ऑडिटर तो कुठं शोधणार, कंपाउंडभर फिरणार का? तिला ते भिकूचं गेट अजून आठवत असावं. साहेबांनी बराच वेळ पेन आपटलं आणि मला विचारलं, "म्हणजे तुम्ही घरी जाणार?" मी म्हटलं, "ते माझं मी बघतो. तुम्ही तक्ता बघा." त्यांनी बघितला. वैदेहीनं तुझी चौकट उचलून तिच्या जागी नेली, आणि माझी काढून टाकली. मग मी सही केली. एक तारखेपासून नोंदी सुरू होणार, आणि एकदा नोंदी पडल्या की प्लांट मोडता येत नाही, मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं आहे.

आता हे पत्र कशासाठी ते. पोलादपूर प्लांटच्या तक्त्यात तुझ्या चौकटीखाली एक खुर्ची रिकामी आहे: स्टोअर आणि स्थानिक खरेदी. हुद्दा माझ्या आत्ताच्या हुद्द्याच्या बराच खाली. तिला पदवीची अट घातलेली नाही, कारण एवढ्याशा खुर्चीवर कुणी शहाणा बसायला येईल असं साहेबांना वाटत नाही, आणि मी येईन असं तर तुझ्याही मनात आलं नाही, एवढं ओळखतोस मला! त्या खुर्चीसाठी मी अर्ज करतो आहे. हाच तो अर्ज. त्यावर माणूस नेमायचा अधिकार प्लांटच्या प्रमुखाला आहे, तिथं तुझं नाव भरलेलं आहे, दुसऱ्या कुणाचं चालत नाही. तू पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून 'मला नको' म्हणायला उभा राहिलास, तर माझा अर्ज घ्यायलाच तिथं कुणी उरणार नाही, आणि मी खरोखर घरी बसेन. तेव्हा माझी नोकरी वाचवायची तुला एवढीच हौस असेल तर आता एकच रस्ता आहे. वर बस. बसल्यावर माझी मुलाखत घे, आणि नीट घे, ओळखीवर नको. मी आधीच सांगून ठेवतो, तुझ्या शेडमध्ये सगळ्या मापांची गॅस्केटं एकाच पिंपात टाकतात, ते मी पहिल्या दिवशी बंद करणार. माझ्याशी तुझी माणसं भांडतील, तेव्हा तुला मध्ये पडावं लागेल. हे झेपत नसेल तर स्पष्ट नाही म्हण, मी वाईट वाटून घेणार नाही. घेईन, पण तुला सांगणार नाही. पत्र उद्या भिकूच्या हाती पाठवतो, मंगळवारी सकाळी मी एसटीनं येतो. बाहेर बाकावर थांबेन. बोलावशील तेव्हा आत येईन.

तुझाच, आणि राग तसाच,
श्रीधर